इंग्रजी अनेकवचन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत अनेकवचनाचा धडा बहुधा ऑक्स–ऑक्सन, माउस–माइस या जोड्यांवर संपतो. पुढे नोकरीत, मुलाखतीत, मेलमध्ये अडायला होतं ते मात्र वेगळ्याच ठिकाणी: फर्निचर, इन्फर्मेशन, 'वन ऑफ माय…' आणि नको तिथे लागलेला अपॉस्ट्रॉफी. मराठी माध्यमातून शिकलेले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि ऑफिसात रोज इंग्रजी लिहिणारी मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं देवनागरीत आहेत. स्पेलिंग सांगायचं तिथे अक्षरांची नावं दिली आहेत, आणि झेडच्या उच्चारासाठी 'झ' वापरला आहे.

मूळ नियम एका वाक्यात सांगता येईल का?

येईल: नामाला एस जोडा. पण हा नियम फक्त लिहिण्याचा झाला. बोलताना त्या एकाच एसचे तीन उच्चार होतात आणि आपल्याकडे ते सहसा कुणी शिकवत नाही. कॅट्समध्ये तो 'स' असतो, डॉग्झमध्ये 'झ' आणि बसिझमध्ये 'इझ'.

कुठे कोणता हे कळायला मराठी वर्णमाला पुरेशी आहे. क, च, ट, त, प या वर्गांतली पहिली दोन अक्षरं अघोष, तिसरं-चौथं घोष, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. शब्दाच्या शेवटी अघोष ध्वनी असेल तर एससुद्धा अघोष राहतो: बुक्स, कप्स, हॅट्स. शेवटी ग, ड, ब, व, न, म, ल असे घोष ध्वनी किंवा स्वर असेल तर एस घोष होतो: बॅग्झ, पेन्झ, रूम्झ, डेझ. हा झ म्हणजे 'जरा', 'जोर' यांतल्या ज च्या जवळचा, पण जीभ दातांमागे न टेकवता काढलेला. आणि शब्द आधीच स, झ, श, च, ज यांसारख्या ध्वनीवर संपत असेल, तर लगेच दुसरा स उच्चारता येत नाही, म्हणून मध्ये एक स्वर येतो: बॉक्सिझ, डिशिझ, मॅचिझ, पेजिझ.

हा ध्वनीचा नियम नीट बसला की स्पेलिंगचे निम्मे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. शिवाय 'ही रन्झ', 'शी वॉक्स' ही क्रियापदं आणि 'अमितचा', 'सीमाचा' दाखवणारा अपॉस्ट्रॉफी-एस यांनाही हेच तीन उच्चार लागू पडतात.

मग ईएस कधी लावायचं?

तो 'इझ' ऐकू येतो आणि शब्दाच्या शेवटी आधीपासून ई नसतो, तेव्हा. बस, बॉक्स, डिश, मॅच यांना ईएस. पेज, हाउस, प्राइझ यांच्या शेवटी ई आहेच, त्यांना नुसता एस, पण बोलताना एक अवयव (सिलेबल) वाढतोच. हाउसमध्ये तर मधला 'स' सुद्धा बदलतो आणि उच्चार हाउझिझ होतो.

'सीएच असेल तर ईएस' असं पाठ केलेली मुलं स्टमकला अडतात. स्टमकच्या शेवटी सीएच आहे, पण उच्चार क आहे, म्हणून तिथे नुसता एस: स्टमक्स. क्विझमध्ये मात्र झेड दुप्पट करून मग ईएस लावायचं.

वाय जाऊन आयईएस कधी येतं?

वायच्या आधी व्यंजन असेल तर: सिटी, लेडी, बेबी, स्टोरी, पार्टी. आधी स्वर असेल तर वाय जागेवर राहतो: बॉय, की, मंकी, डे.

आडनावांना हा बदल लागत नाही, कारण कुणाच्या नावाचं स्पेलिंग आपण बदलायचं नसतं. केनेडी कुटुंबातले सगळे मिळून केनेडीला फक्त एस. रेड्डी कुटुंबाचंही तेच. जोशी, कुलकर्णी यांच्या शेवटी आयच असतो, त्यामुळे तिथे प्रश्नच उद्भवत नाही: एस लावला की झालं. घराबाहेरच्या पाटीवर 'द जोशीज' लिहिताना आयनंतर जो अपॉस्ट्रॉफी टाकला जातो, तो मात्र चुकीचा आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

टोमॅटोला ईएस आणि फोटोला एस, असं का?

ओने संपणाऱ्या शब्दांत पक्का नियम नाही, पण अंदाज बांधता येतो. ओच्या आधी स्वर असेल तर नुसता एस: रेडिओ, स्टुडिओ, व्हिडिओ. लांब शब्द छाटून बनलेल्या शब्दांना नुसता एस: फोटोग्राफचा फोटो, किलोग्रॅमचा किलो. संगीताबरोबर इटालियनमधून आलेल्या पियानो, सोलो यांनाही नुसता एस. ईएसवाले नेहमीचे शब्द थोडे आहेत: टोमॅटो, पोटॅटो, हीरो, एको, व्हेटो. मँगो, मॉस्किटो, व्होल्कॅनो यांना दोन्ही चालतं, तेव्हा तिथे पेपर तपासणाऱ्याने मार्क कापू नयेत.

हा अनेकवचनातला ई भल्याभल्यांना चकवतो. १९९२ साली अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतल्या एका शाळेत गेले असताना एका विद्यार्थ्याने फळ्यावर पोटॅटो बरोबर लिहिलं होतं. क्वेल यांनी त्याला शेवटी ई जोडायला लावला आणि देशभर त्याची चर्चा झाली. ई अनेकवचनात येतो, एकवचनात नाही.

नाइफचं नाइव्ह्झ होतं, मग रूफचं रूव्ह्झ का नाही?

जुन्या इंग्रजीत दोन स्वरांमध्ये सापडलेल्या फचा उच्चार व होत असे. अनेकवचनाचा प्रत्यय तेव्हा स्वरासह लागायचा, म्हणून एकवचनात फ आणि अनेकवचनात व अशी जोडी तयार झाली. तो स्वर पुढे गळला, व राहिला. नाइफ, वाइफ, लाइफ, लीफ, लोफ, हाफ, काफ, थीफ, शेल्फ, वुल्फ हे त्या काळातले अवशेष.

चीफ आणि प्रूफ नंतर फ्रेंचमधून आले, त्यांना ही सवय कधी लागलीच नाही. रूफ अस्सल जुना इंग्रजी शब्द असूनही आज सरळ एसच घेतो. काही शब्द अजून दोन्हीकडे आहेत: स्कार्फ, हूफ, ड्वॉर्फ. सेफ म्हणजे तिजोरी, तिला नुसता एस. क्लिफ, कफ यांसारख्या शेवटी दोन एफ असलेल्या शब्दांनाही नुसता एस.

फूटचं फीट, टूथचं टीथ: हे आतले स्वर का बदलतात?

या प्रकारचे नेहमीच्या वापरातले मूळ शब्द सातच आहेत: मॅन, वुमन, फूट, टूथ, गूस, माउस, लाउस. सातांचं कारण एकच.

इंग्रजी, जर्मन, डच यांच्या पूर्वज भाषेत या नामांच्या अनेकवचनात शेवटी इ असलेला प्रत्यय होता. फूट तेव्हा साधारण 'फोत' असा होता आणि अनेकवचन 'फोतिझ'. ओ म्हणताना जीभ मागे असते, इ म्हणताना पुढे येते. बोलणाऱ्याची जीभ पुढच्या इ च्या तयारीत आधीच पुढे सरकू लागली आणि मधला ओ हळूहळू ए कडे झुकला. पुढे शेवटचा प्रत्यय झिजून गेला, पण बदललेला स्वर तसाच राहिला. 'फोत' एक, 'फेत' अनेक. नंतरच्या शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले, ओ चा ऊ झाला, ए चा ई झाला, आणि हाती आलं फूट–फीट. म्हणजे 'अनियमित' म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, तो एके काळी काटेकोर नियम होता.

पूर्वी असे शब्द बरेच होते. बुकचं अनेकवचन जुन्या इंग्रजीत 'बेच' च्या जवळ जाणारं होतं. काऊचंही स्वर बदलून व्हायचं. लोकांनी हळूहळू त्यांना एस लावायला सुरुवात केली आणि जुनी रूपं गेली. जे शब्द घराघरांत, रोज, लहान मुलांच्या तोंडी होते तेवढेच टिकले.

मराठी वाचकाला यात आणखी एक गंमत दिसेल. टूथ आणि दंत, फूट आणि पाद, माउस आणि मूषक, गूस आणि हंस, मॅन आणि मनु या जोड्या भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्ख्या नात्यातल्या आहेत. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्हींच्या समान पूर्वज भाषेतून त्या आल्या.

वुमनबद्दल एवढं लक्षात ठेवा: स्पेलिंगमध्ये दुसरा स्वर बदलतो, पण कानाला पहिला बदललेला कळतो. वुमन एक, विमिन अनेक. 'वुमेन' असा उच्चार बातम्यांमध्येही ऐकू येतो, तो बरोबर नाही.

गूसचं गीस, मग मुंगूस म्हणजे माँगूसचं माँगीस का नाही?

कारण माँगूस हा शब्द मुळात आपला आहे. मराठीतल्या मुंगूसवरून तो युरोपीय भाषांत गेला आणि इंग्रजीत रुळला. शेवटचे अवयव गूस या पक्ष्यासारखे लिहिले जातात खरे, पण त्यांचा हंसाशी काही संबंध नाही. अनेकवचन सरळ नियमाने: माँगूसिझ. स्वर बदलण्याची ती जुनी लकब जन्मजात जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डचच्या त्या पूर्वज भाषेतून आलेल्या शब्दांचीच. बाहेरून आलेल्या शब्दांना ती लागत नाही.

ऑक्सन आणि चिल्ड्रनमधला एन कुठला?

जुन्या इंग्रजीत अनेकवचनाचे बरेच प्रत्यय होते. त्यांपैकी एक गट एन लावणारा. डोळे, बूट, घरं या अर्थाच्या शब्दांनाही काही बोलींत एन लागायचा. आजच्या प्रमाण भाषेत साध्या एनवर उभा असलेला नेहमीचा शब्द एकच उरला, ऑक्सन. इथेही आपलं नातं आहे: ऑक्स म्हणजे संस्कृतातला उक्षन्, बैल. त्याच्या शेवटचा न् आणि ऑक्सनमधला एन एकाच मुळाचे.

चिल्ड्रनची गोष्ट आणखी मजेची आहे. आधी त्याचं अनेकवचन आरने होत असे, 'चिल्डर' सारखं. ते लोकांना पुरेसं अनेकवचनी वाटेना, म्हणून त्यावर एनही चढवला. म्हणजे चिल्ड्रनमध्ये अनेकवचन दोनदा आहे. 'चिल्ड्रन्स' म्हणणारा त्यावर तिसरं लावतो.

अंड्याचंही असंच दुहेरी अनेकवचन होतं. इंग्लंडमध्ये पहिला छापखाना चालवणारे विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० सालच्या एका प्रस्तावनेत त्याची हकिगत सांगितली आहे. थेम्स नदीतून परदेशी निघालेल्या काही व्यापाऱ्यांचं जहाज वाऱ्याअभावी अडलं. ते किनाऱ्यावर उतरले आणि एकाने एका घरी 'एग्झ' मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्या कुणीतरी 'आयरन' च्या जवळचा शब्द वापरला, तेव्हा तिला कळलं. एग्झ उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आलेला शब्द, आणि तिच्या ओळखीचा शब्द चिल्ड्रनसारखाच, आर आणि एन दोन्ही घेणारा. पुढे एग्झ टिकला.

शीप, डीअर यांना काहीच का लागत नाही?

मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. एक दगड, दहा दगड. एक लाडू, चार लाडू. एक शिक्षक आला, पाच शिक्षक आले. आपण संख्या क्रियापदावरून ओळखतो, इंग्रजीत शीपच्या बाबतीत तेच करतात. एअरक्राफ्ट, सीरिज, स्पीशीज हेही तसेच. 'एक सीरिज' म्हणताना शेवटचा एस काढून 'सीरी' करू नका.

फिश सहसा तसाच राहतो. वेगवेगळ्या जातींचे मासे म्हणायचं असेल तर फिशिझ चालतं.

क्रायटेरिया, डेटा, अल्युम्नी: यांत एकवचन कोणतं?

लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले शब्द आपली जुनी रूपं घेऊन आले. क्रायटेरिऑन एक, क्रायटेरिया अनेक. फिनॉमिनन एक, फिनॉमिना अनेक. 'धिस क्रायटेरिया' हे नोटिसांमध्ये इतक्या वेळा दिसतं की ते चुकीचं आहे हे विसरायला होतं. क्रायसिस, अ‍ॅनालिसिस, थीसिस, बेसिस यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा आय जाऊन ई येतो, पण उच्चारात तो 'सीझ' असा लांबतो: क्रायसीझ. बॅक्टीरियम एक, बॅक्टीरिया अनेक.

अल्युम्नी हे अनेकवचन आहे. 'मी त्या कॉलेजचा अल्युम्नी' असं एकट्याने म्हणता येत नाही. पुरुष असेल तर अल्युम्नस, बाई असेल तर अल्युम्ना. फक्त बायकांचा गट असेल तर अल्युम्नी हाच शब्द वेगळ्या स्पेलिंगने, शेवटी एई लावून, लिहितात.

डेटा मुळात अनेकवचन, पण रोजच्या भाषेत आणि कॉम्प्युटरच्या जगात 'डेटा इज' पूर्ण रुळलं आहे. शास्त्रीय लेखनात 'डेटा आर' अजून दिसतं. अजेंडा तर केव्हाच एकवचन झाला.

सिलॅबस, कॅक्टस, इंडेक्स, अपेंडिक्स, फॉर्म्युला यांना लॅटिन आणि इंग्रजी दोन्ही अनेकवचनं चालतात. माझा सल्ला: शंका असेल तर सरळ इंग्रजी प्रत्यय लावा. ऑक्टोपसचं 'ऑक्टोपाय' करणारे लॅटिनचा आधार घेतात, पण तो शब्द ग्रीक आहे. ऑक्टोपसिझ म्हणा, कुणी हसणार नाही. व्हायरसचंही व्हायरसिझ.

फर्निचरला एस का लावायचा नाही?

इथे खरी अडचण आहे, आणि माझ्या मते धड्याचा अर्धा वेळ इथेच द्यायला हवा. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, इक्विपमेंट, मशिनरी, ज्वेलरी, होमवर्क, न्यूज, ट्रॅफिक, नॉलेज ही नामं इंग्रजीत मोजत नाहीत. त्यांना अनेकवचन नाही, त्यांच्याआधी 'अ' किंवा 'अ‍ॅन' येत नाही, आणि क्रियापद एकवचनी येतं.

ही कल्पना मराठीला परकी नाही. सामान, माहिती, ज्ञान, पाणी हे शब्द आपणही मोजत नाही. 'दोन माहित्या दे' असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे इन्फर्मेशनच्या बाबतीत मराठी कान सांगतो ते ऐकलं तरी पुरतं. चूक होते ती जिथे मराठी शब्द मोजता येतो आणि इंग्रजी येत नाही तिथे. आपण दोन सल्ले देतो, म्हणून 'टू अ‍ॅडव्हाइसेस' होतं. आपण बातम्या ऐकतो, म्हणून 'न्यूज आर'. बाईच्या अंगावर दागिने असतात, म्हणून 'ज्वेलरीज'. सगळ्यात हमखास आढळणारं वाक्य म्हणजे 'आय हॅव मेनी वर्क्स टुडे'. ते 'आज मला खूप कामं आहेत' चं सरळ भाषांतर आहे. इंग्रजीत 'अ लॉट ऑफ वर्क'. वर्क्स म्हणायचं ते एखाद्या लेखकाच्या साहित्यकृतींना किंवा कारखान्याला.

मोजायचंच असेल तर पुढे एक माप ठेवा: 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ लगेज', 'थ्री आयटम्झ ऑफ न्यूज'. किंवा मोजता येणारा दुसरा शब्द घ्या. लगेजऐवजी बॅग्झ, ज्वेलरीऐवजी नेकलेस किंवा रिंग्झ, पोएट्रीऐवजी पोएम्झ, वर्कऐवजी टास्क्स किंवा जॉब्झ. ऑफिसच्या मेलमध्ये 'फीडबॅक्स' आणि 'इक्विपमेंट्स' तर रोज दिसतात. दोन्ही ठिकाणी एस काढून टाकला की वाक्य बरोबर होतं.

माझे केस लांब आहेत: हेअर की हेअर्झ?

डोक्यावरचे सगळे केस मिळून हेअर, आणि क्रियापद एकवचनी: 'माय हेअर इज लाँग'. मराठीत केस अनेकवचनी असल्यामुळे इथे जीभ घसरते. वरणात सापडलेले दोन केस मात्र मोजता येतात, तिथे 'टू हेअर्झ' बरोबर.

एक कात्री, एक पँट, एक चष्मा: इंग्रजीत अनेकवचन कसं?

दोन सारख्या भागांची वस्तू इंग्रजीत अनेकवचनी मानतात. सिझर्झ, ट्राउझर्झ, ग्लासिझ, टाँग्झ, सगळ्यांना 'आर'. 'अ सिझर' म्हणू नका, 'अ पेअर ऑफ सिझर्झ' म्हणा. आपल्याकडे पोहे नेहमी अनेकवचनी असतात, 'पोहा झाला' असं कुणी म्हणत नाही. कात्रीबद्दल इंग्रज माणसाला तसंच वाटतं.

पोलिस, पीपल, स्टाफ यांच्यापुढे इज की आर?

पोलिस, पीपल, कॅटल यांच्यापुढे नेहमी 'आर'. 'द पोलिस इज' चुकीचं. एक माणूस म्हणायचं असेल तर 'अ पोलिसमन' किंवा 'अ पोलिस ऑफिसर'. पीपल्सचा अर्थ अनेक लोकसमूह, निरनिराळे समाज असा होतो. दहा माणसं म्हणायची तर 'टेन पीपल'. पर्सन्झ कायद्याच्या भाषेत आणि 'कपॅसिटी टेन पर्सन्झ' असल्या पाट्यांवर असतं.

स्टाफ, फॅमिली, टीम, कमिटी यांच्यापुढे अमेरिकेत 'इज' येतं, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. 'स्टाफ्स' मात्र कर्मचारी या अर्थाने कुठेच चालत नाही. मोजायचं तर 'स्टाफ मेंबर्झ'. मॅथमॅटिक्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स या विषयांच्या शेवटी एस दिसतो, पण ते एकवचनी आहेत.

'वन ऑफ माय फ्रेंड' की 'फ्रेंड्स'?

फ्रेंड्स, नेहमी. मराठीत 'माझ्या मित्रांपैकी एक' म्हणताना आपण 'मित्रांपैकी' असं अनेकवचनच वापरतो, ते डोळ्यांपुढे ठेवलं तर चूक होत नाही. क्रियापद मात्र 'वन' प्रमाणे: 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज'. ईच आणि एव्हरी यांच्यापुढे एकवचन: 'एव्हरी स्टुडंट', 'ईच चाइल्ड'. मुलाखतीत हीच एक चूक सगळ्यात जास्त कानावर येते, म्हणून तेवढ्या एका वाक्याचा सराव करून जा.

लाख, कोटी, हंड्रेड यांना एस लावायचा का?

आधी नेमका आकडा असेल तर नाही: 'फाइव्ह हंड्रेड रुपीज', 'टेन लाख', 'थ्री क्रोर'. अंदाजे पुष्कळ म्हणायचं असेल तर हो: 'हंड्रेड्झ ऑफ पीपल', 'लाख्स ऑफ रुपीज'. दीड लिटर म्हणजे 'वन पॉइंट फाइव्ह लीटर्झ', कारण एकापेक्षा जास्त. शून्यालाही अनेकवचनच लागतं: 'झीरो डिग्रीज'.

नामाच्या आधी विशेषण म्हणून जोडून आलं की एस गळतो: 'अ टेन-रुपी नोट', 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'. मुलगा पाच वर्षांचा आहे असं सांगताना मात्र 'ही इज फाइव्ह इयर्झ ओल्ड'.

सासू, मेहुणा, वाटसरू अशा जोडशब्दांना एस कुठे?

मुख्य नाम असेल त्याला: 'मदर्झ-इन-लॉ', 'पासर्झ-बाय'. मुख्य नाम नसेल तर शेवटी: 'ग्रोन-अप्स'. साध्या जोडशब्दात पहिला भाग एकवचनीच राहतो: टूथब्रशिझ, 'टीथब्रशिझ' नाही. पहिला भाग मॅन किंवा वुमन असेल तर बहुधा दोन्ही बदलतात: 'विमिन डॉक्टर्झ'.

अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी लागतो का?

नाही. 'पिझ्झा'ज', 'सँडविच'स', 'द जोशी'ज' ही पाट्यांवरची रूपं चुकीची आहेत. अपॉस्ट्रॉफी मालकी दाखवतो, संख्या नाही. एमएलए, एमपी, सीडी यांच्या अनेकवचनालाही नुसता छोटा एस. १९९० च्या दशकाला आकड्यानंतर नुसता एस. अपवाद एकच: सुट्या छोट्या अक्षराचं अनेकवचन, कारण 'ए' ला नुसता एस लावला तर तो 'अ‍ॅझ' असा वेगळाच शब्द वाचला जातो.

मालकी आणि अनेकवचन एकत्र आले तर आधी अनेकवचन पूर्ण करा. ते एसवर संपत असेल तर अपॉस्ट्रॉफी त्या एसनंतर, जसं मुलांचं वसतिगृह म्हणजे बॉयझनंतर चिन्ह. एसवर संपत नसेल, जसं चिल्ड्रन, तर अपॉस्ट्रॉफी आणि मग एस.

मराठीत 'एक लेडीज' म्हणतात, ते चूक आहे का?

मराठी बोलताना नाही. उसना शब्द दुसऱ्या भाषेत गेला की तिथल्या सवयीने वागतो. लेडीज डबा, 'एक लेडीज उभी होती', 'माझा एक सॉक्स हरवला' ही आता मराठी वाक्यं आहेत. उलट बसचं आपण कधी 'बसेस' करतो, कधी 'बसगाड्या'. पण इंग्रजी बोलताना तीच सवय आणली तर 'वन लेडीज' चुकीचं ठरतं: तिथे 'अ लेडी', 'अ सॉक'.

व्यापारी पत्रांत कंपनीच्या नावाआधी 'मे.' किंवा 'मेसर्स' लिहितात, तेही एक अनेकवचन आहे. मिस्टरचं अनेकवचन म्हणून फ्रेंच मेस्यूवरून इंग्रजीने ते घेतलं. भागीदारीच्या पेढीला 'मेसर्स' म्हणजे 'सर्वश्री'. म्हणून एकट्या माणसाच्या नावाआधी ते लावत नाहीत.

मुलांकडून याद्या पाठ करून घ्याव्यात का?

फूट–फीट गटातले सात शब्द, चिल्ड्रन, ऑक्सन, व्ह घेणारे दहाबारा, इतकं पाठ असावं. बाकीचं कानाने येतं. भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं नाव 'वग' सांगितलं. मग असे दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय? 'वग' हा शब्द मुलांनी आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी 'वग्झ' म्हटलं, शेवटी नेमका झ लावून. 'इझ' लागणाऱ्या बनावट शब्दांना मात्र ती बरीच अडखळली. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही ते उशिरा जमतं, तेव्हा आपल्या मुलाला बॉक्सिझ, डिशिझ म्हणायला वेळ लागला तर रागावू नका.

रोज पाच मिनिटं घरातल्या वस्तू मोठ्याने मोजायला लावा: वन स्पून, टू स्पून्झ, वन प्लेट, टू प्लेट्स, वन डिश, टू डिशिझ. शेवटचा ध्वनी स्पष्ट येतोय ना, तेवढं ऐका. मुलाने 'फूट्स' किंवा 'माउसिझ' म्हटलं तर त्याला नियम समजला आहे. 'हो, टू फीट' असं म्हणून बरोबर रूप त्याच्या कानावर घाला.

शंका आली तर डिक्शनरीत कुठे पाहायचं?

अनियमित अनेकवचन मुख्य शब्दाशेजारीच दिलेलं असतं. तिथे काही दिलं नसेल तर नेहमीचा एस किंवा ईएस लावायचा. शिकणाऱ्यांसाठी असलेल्या डिक्शनऱ्यांत नामापुढे सी किंवा यू अशी खूण असते: सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. एखाद्या शब्दापुढे दोन्ही खुणा असतील तर खालचे अर्थ वेगवेगळे वाचा. पेपर म्हणजे कागद असेल तर यू, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर सी. मेल पाठवण्याआधी अ‍ॅडव्हाइस, इक्विपमेंट, स्टाफ, फीडबॅक हे शब्द तिथे एकदा तपासून घ्या.